शहाणे यंत्र आणि देशाची मिळकत



गेल्या दोन-तीन वर्षांत एक शब्द आपल्या कानांवर वारंवार येऊ लागला आहे. तो म्हणजे 'कृत्रिम बुद्धिमत्ता'. शहरात शिकणारी मुले सुट्टीला घरी आली की मोबाइलला प्रश्न विचारतात आणि मोबाइल त्यांना शुद्ध मराठीत उत्तर देतो. ते ऐकून पारावरचा एखादा म्हणतो, "आता देशाचे दैन्य फिटले." दुसरा म्हणतो, "दैन्य कसले फिटते? पोरांच्या नोकऱ्या मात्र गेल्या." दोघेही आपले म्हणणे ठासून मांडतात. पण या वादात एक साधा प्रश्न राहून जातो. एखादे नवे यंत्र आले म्हणजे देश श्रीमंत होतो, असे आपण म्हणतो. तर तो नेमका कोणत्या वाटेने होतो? आज आपण त्या वाटेचा माग काढू.

आधी हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. आजवरची यंत्रे सांगकामी होती. माणसाने नियम सांगायचा आणि यंत्राने तो बिनचूक पाळायचा. ही नवी यंत्रे नियम सांगून नव्हे, तर उदाहरणे दाखवून तयार केली जातात. कापसाचेच घ्या. गुलाबी बोंडअळीचा अंदाज यावा म्हणून आपण शेतात कामगंध सापळे लावतो. सतत तीन दिवस दर सापळ्यात आठ-दहा पतंग सापडू लागले की उपाय करण्याची वेळ आली, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. पण पतंग ओळखायचे आणि मोजायचे हे किचकट काम रोज करणार कोण? मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने त्यासाठी मोबाइलवरचे एक अ‍ॅप तयार केले. सापळ्यात सापडलेल्या पतंगांचा फोटो काढायचा. यंत्र पतंग ओळखते, मोजते आणि फवारावे की थांबावे याचा सल्ला देते. पतंग म्हणजे काय, याची व्याख्या त्या यंत्राला कोणी पढवलेली नाही. पुष्कळ फोटो दाखवून दाखवून ते ओळखायला शिकवले आहे.

बोलणारी यंत्रेही याच रीतीने तयार होतात. त्यांच्यापुढे अफाट लिखित मजकूर ठेवला जातो आणि एका शब्दानंतर दुसरा कोणता येईल याचा अंदाज बांधायला त्यांना शिकवले जाते. म्हणून ती पुष्कळदा बरोबर बोलतात. आणि चुकतात तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतात. ही गोष्ट मनाशी पक्की धरून ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता देशाच्या मिळकतीकडे वळू. देशाची मिळकत म्हणजे सरकारच्या तिजोरीतला पैसा नव्हे. वर्षभरात देशातल्या सगळ्या माणसांनी मिळून जे नवे मोल निर्माण केले, ते म्हणजे देशाची मिळकत. शेतकऱ्याची एक अनावश्यक फवारणी वाचली आणि पीक तेवढेच आले, तर तेवढ्या खर्चाने मोल वाढले. दुबार पेरणी टळली, तरी वाढले. पंचायतीतला दाखला दोन हेलपाट्यांऐवजी एकात मिळाला आणि वाचलेल्या दिवशी माणूस कामावर गेला, तरीही वाढले. मोठमोठ्या आकड्यांच्या मुळाशी असे लहान लहान निर्णय असतात.

आपल्या देशात काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकी सुमारे ४५ जण शेतीत आहेत. आणि देशाच्या मिळकतीतल्या दर १०० रुपयांपैकी शेतीचे रुपये सुमारे १८. म्हणजे उरलेले ५५ जण ८२ रुपये मिळवतात. हिशेब करून पाहा. शेतीबाहेरच्या माणसामागे जेवढी मिळकत पडते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा शेतीतल्या माणसाच्या वाट्याला येतो. तेव्हा जे यंत्र त्या ४५ माणसांपर्यंत पोहोचत नाही, ते मुंबई-बंगळूरच्या कचेऱ्यांत कितीही चमकले, तरी त्याने सगळा देश वर येणार नाही. आपल्यासारख्या देशापुढचा खरा प्रश्न हा आहे.

या यंत्राने जगाची मिळकत किती वाढेल, यावर मोठमोठ्या अर्थपंडितांतही एकमत नाही. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन वित्तसंस्थेने २०२३ साली अंदाज केला की दहा वर्षांत जगाचे उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढू शकेल. उलट, ज्यांना २०२४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर मिळाले, त्या डॅरन अ‍ॅसेमोग्लू यांनी अमेरिकेपुरता हिशेब मांडला. त्यांच्या मते उत्पादकतेतली वाढ दहा वर्षांत पाऊण टक्काही भरणार नाही. यंत्र तेच, मग अंदाजांत एवढी तफावत का? कारण तफावत यंत्राविषयी नाही. दहा वर्षांत किती कामांची रीत खरोखर बदलेल आणि ती बदलणे किती कामांत परवडेल, याविषयी आहे. अ‍ॅसेमोग्लू यांच्या हिशेबात अशी कामे एकूण कामांच्या सुमारे ५ टक्केच आहेत.

कामाची रीत बदलायला वेळ लागतो, हे विजेच्या इतिहासावरून चांगले समजते. न्यूयॉर्क शहरात एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले १८८२ साली. पण १९०० साली अमेरिकेतल्या कारखान्यांच्या एकूण यंत्रशक्तीत विजेचा वाटा ५ टक्केही नव्हता. आणि तिचा भरघोस लाभ उत्पादनात दिसला तो १९२० नंतरच्या दशकात. म्हणजे मध्ये ४० वर्षे गेली! पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने १९९० साली याचे कारण उलगडून दाखवले. जुन्या कारखान्यात वाफेचे एक मोठे इंजिन असे. त्याच्या जोरावर छताजवळून गेलेला लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून खाली आलेले पट्टे एकेक यंत्र फिरवीत. पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन उमगेल. मालकांनी सुरुवातीला काय केले? वाफेचे इंजिन काढले आणि त्या जागी विजेची मोटार बसवली. दांडा तोच, पट्टे तेच, कामाची मांडणीही तीच. मग लाभ कुठून होणार? पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार मिळाली, यंत्रे कामाच्या क्रमाने मांडली गेली, इमारती बदलल्या आणि कामगारांना नवे शिक्षण मिळाले, तेव्हा कुठे वीज फळाला आली. आपल्याकडेही खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पंप बसून बागायत उभी राहायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

आता या नव्या यंत्राची आपल्याकडची एक ताजी हकिगत सांगतो. ती पावसाची आहे. हवामानाचा अंदाज आजवर पदार्थविज्ञानाची गणिते महासंगणकावर सोडवून काढला जात असे. नव्या रीतीत यंत्राला मागच्या अनेक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी दाखवतात आणि त्यांवरून पुढचा अंदाज बांधायला शिकवतात. २०२५ च्या खरिपात केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाने या रीतीचा मोठा प्रयोग केला. एक गूगल कंपनीची आणि एक युरोपीय हवामान केंद्राची, अशा दोन यंत्रपद्धती आणि जोडीला आपल्या देशातल्या पावसाच्या १२५ वर्षांच्या नोंदी, यांची सांगड घातली गेली. पाऊस केव्हा लागेल याचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेशाने कळवण्यात आला. तोही चार आठवडे आधीपर्यंत.

त्या वर्षी पावसाने चकवाच दिला होता, हे तुम्हाला आठवत असेल. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत, म्हणजे नेहमीपेक्षा बराच लवकर दाखल झाला. वाटले, यंदा मृगाची वाटच पाहायला नको! आणि मग त्याची उत्तरेकडची वाटचाल सुमारे २० दिवस थांबली. हा खंड पडणार, हे नव्या अंदाजाने आधी सांगितले होते. पाऊस लवकर आला म्हणून घाईने पेरणाऱ्याला असा संदेश वेळेवर मिळाला, तर बियाण्याची एक पिशवी वाचते आणि दुबार पेरणीचे कर्जही टळते. लहान निर्णय म्हणतात तो हाच.

पण हकिगत एवढ्यावर संपत नाही. नंतर मध्य प्रदेश आणि बिहार या राज्यांत दूरध्वनीवरून पाहणी करण्यात आली. संदेश मिळाल्यावर जमिनीची तयारी, पेरणीची वेळ किंवा पिकाची निवड यांत काही ना काही बदल केला, असे सांगणारे शेतकरी ३१ ते ५२ टक्के होते. पहिल्याच वर्षी हे प्रमाण लहान नाही. तरीही जवळजवळ निम्मे किंवा त्याहून अधिक शेतकरी जसे चालले होते तसेच चालले. काहींना त्या संदेशावर विश्वास बसला नसेल. काहींना तो समजला नसेल. काहींचे बियाणे आधीच घरात येऊन पडले असेल, तर काहींना ट्रॅक्टर ठरलेल्या दिवशीच मिळणार असेल. संदेश बरोबर असणे ही एक गोष्ट. त्या संदेशाप्रमाणे वागता येणे ही दुसरी.

या दोहोंमधले अंतर कसे कमी करावे, याचा धडा आपल्या महाराष्ट्रानेच एकदा घालून दिला आहे, आणि तो आकाशवाणीच्या इतिहासातला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. मंडळातली दहा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि शंका केंद्राकडे कळवत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केली. त्याने तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली: रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्यामानाने थोडीच पडली. आवाज तोच होता, कार्यक्रमही तेच होते. फरक पडला तो चारचौघांनी बसून बोलण्याने.

आज नव्या यंत्राच्या बाबतीत हेच पुन्हा दिसू लागले आहे. दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिला आहे संगणकावर ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कामगारांचा. त्यांतले बहुतेक फिलिपिन्स देशातले होते. त्यांना यंत्राची मदत दिली, तेव्हा तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. विशेष म्हणजे नवख्या कामगारांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, तर मुरलेल्या कामगारांच्या बाबतीत नाममात्र. दुसरा अभ्यास आफ्रिकेतल्या केनिया देशाचा. तिथे लहान उद्योजकांना यंत्राकडून व्यापाराचा सल्ला मिळेल अशी व्यवस्था व्हॉट्सअ‍ॅपवर केली होती. सरासरीने पाहिले तर लाभ काहीच झाला नाही! खोलात गेल्यावर कळले की ज्यांचा धंदा आधीच बरा चालला होता, त्यांची भरभराट सुमारे १५ टक्क्यांनी झाली. आणि ज्यांचा धंदा अडखळत होता, तो आणखी ८ टक्क्यांच्या आसपास खाली गेला.

एकीकडे यंत्राने मागे असलेल्याला वर उचलले, दुसरीकडे त्यालाच खाली ढकलले. हे कसे? माझ्या मते कारण असे आहे. फिलिपिन्समधल्या कामगाराला यंत्र जे सुचवत होते, ते त्याच्याच कामातल्या निष्णात माणसांच्या संभाषणांतून काढलेले होते. शिवाय सल्ला बरोबर की चूक, हे समोरच्या ग्राहकाच्या बोलण्यावरून लगेच कळत होते. केनियातला दुकानदार मात्र एकटा होता. दहा सल्ल्यांतला आपल्या दुकानाला लागू पडणारा कोणता, हे त्याला स्वतःच निवडायचे होते. ज्याला पारख होती, त्याचा फायदा झाला. ज्याला नव्हती, त्याने ठाम आवाजावर विश्वास टाकला. मघाशी मनाशी धरून ठेवलेली गोष्ट आठवा: यंत्र चुकते तेव्हाही ठामपणेच बोलते.

म्हणजे देशाची मिळकत या यंत्राने वाढायची असेल, तर यंत्राइतकाच खर्च पारख वाढवण्यावर व्हायला हवा. यंत्रावरचा खर्च सुरू झालेला आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये 'इंडिया एआय मिशन' मंजूर केले, ते सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये शेतीसाठी 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर केले. त्याच्या पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. हे योग्यच आहे. परंतु गणकयंत्रांची कोठारे उभी करणे म्हणजे कारखान्यात मोटार बसवणे. दांडा आणि पट्टे बदलायचे काम गावोगाव, शाळाशाळांतून करावे लागणार आहे.

आता नोकऱ्यांच्या काळजीकडे येऊ. ती काळजी खरी आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना या यंत्राचा स्पर्श होईल. श्रीमंत देशांत ६० टक्के, तर सर्वांत गरीब देशांत २६ टक्के. स्पर्श होणे म्हणजे नोकरी जाणे नव्हे. काहींचे काम हलके होईल, काहींचे नाहीसे होईल. पण आपल्या देशात संगणक-सेवेच्या धंद्यात ५० लाखांहून अधिक माणसे आहेत, आणि तिथल्या सुरुवातीच्या नोकऱ्या हीच आपल्या खेड्यांतल्या शिकलेल्या मुलांची पहिली पायरी होती. सोपे काम यंत्राने केले आणि नवख्यांना कोणी घेईनासे झाले, तर उद्याचे अनुभवी कामगार येणार कुठून? पहिली पायरी काढून घेतली तर जिना चढणार कसा? नवख्यांना काम देऊन शिकवणाऱ्या कारखान्यांना आणि कचेऱ्यांना सरकारने हात दिला पाहिजे, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न मालकीचा. निष्णात कामगारांच्या बोलण्यातून यंत्र शिकले. मग त्या शहाणपणाचे मोल कोणाचे? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. २०२१ पासून महाराष्ट्रातला शेतकरी 'ई-पीक पाहणी'त आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करतो आहे. मातीची, पाण्याची, पिकाची अशी माहिती हे नव्या यंत्रांचे खाद्य आहे. व्यक्तीच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला. पण कायदा कामाला येतो तो विचारणाऱ्याच्या. कोणी माहिती मागितली तर ती कशासाठी, कोणाकडे जाणार आणि त्यातून आम्हाला काय मिळणार, हे तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

मग आपल्या हातात काय आहे? शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी पहिली विनंती अशी: मुलांना यंत्राला प्रश्न विचारायला शिकवा, पण त्याहून अधिक उत्तर तपासायला शिकवा. यंत्राने गावाच्या इतिहासाविषयी, पिकाविषयी, पावसाविषयी जे सांगितले, ते पुस्तकाशी, जुन्या जाणत्या माणसाशी आणि शिवाराशी ताडून पाहण्याचा तास आठवड्यातून एकदा घ्या. यंत्राची चूक पकडण्यात मुलांना मौज वाटेल, आणि त्या मौजेतच पारख तयार होईल.

दुसरी विनंती भाषेची. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. परंतु यंत्र शिकते ते नोंदलेल्या भाषेवरून, आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीत शेतकरी जे बोलतो, ते फारसे कोणी नोंदलेले नाही. 'वापसा' या एका शब्दात जमिनीची जी स्थिती सांगितली जाते, ती यंत्राला कळली नाही तर त्याचा पेरणीचा सल्ला काय कामाचा? शाळेतल्या मुलांनी आपल्या गावातले शेतीचे, अवजारांचे, रोगांचे, वाऱ्यापावसाचे शब्द अर्थासह वहीत उतरवले, तर ते काम भाषेचेही होईल आणि देशाच्या मिळकतीचेही.

तिसरी विनंती सर्वांनाच आहे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, पण सल्ला एकट्याने घेऊ नका. १९५६ च्या त्या मंडळांसारखी दहा-पंधरा माणसे आठवड्यातून एकदा शाळेत, सोसायटीत किंवा देवळात बसू द्या. आलेला संदेश मोठ्याने वाचा. कृषी खात्याच्या माणसाला बोलवा. कोणी त्याप्रमाणे वागला, कोणी नाही, आणि कोणाचे काय झाले, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. दोन हंगामांत त्या वहीवरून तुम्हाला कळेल की हे यंत्र तुमच्या शिवारात कुठे खरे ठरते आणि कुठे फसते. ते दिल्लीला किंवा पुण्याला बसून कोणाला कळणार नाही. अशी वही पुढच्या खरिपाच्या आधी तुमच्या गावात सुरू व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.